जोडीदार दौऱ्यावर, बाळ कडेवर आणि गाव अनोळखी – तुमचे अनुभव लिहा

प्रदक्षिणा:

मागच्या एप्रिलमध्ये नवऱ्याला कंपनीने तीन आठवड्यांसाठी ॲमस्टरडॅमला पाठवलं आणि माझी रजा (बिनपगारी, पण असो) अजून चालू होती म्हणून मीपण नऊ महिन्यांचं पिल्लू घेऊन त्याच्यासोबत गेले. डोक्यात कालवे, ट्युलिप, म्युझियम वगैरे. प्रत्यक्षात राहायला मिळालं ॲमस्टेलव्हेनला, म्हणजे शहराच्या दक्षिणेचं उपनगर. शांत, स्वच्छ, सगळी घरं विटकरी, आणि आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना असा उभा की शिडीच म्हणा. नवरा पावणेआठला जायचा तो संध्याकाळी सातला. पहिले दोन दिवस मी नुसती खिडकीतून खाली बघत बसले, तिसऱ्या दिवशी डायपर संपले तेव्हा झक मारत उतरावं लागलं.

बाळ कडेवर, पर्स गळ्यात, प्रॅम खाली जिन्याच्या बोळात ठेवलेली. बाहेर पडले तर काय मस्त गुळगुळीत तांबडा रस्ता, म्हटलं वा, फुटपाथ असावा तर असा, आमच्याकडे पेव्हर ब्लॉकवर प्रॅमची चाकं खिळखिळी होतात आणि इथे बघा. दोन मिनिटांत मागून टिंग टिंग, मग अजून टिंग टिंग, मग एक पंचाहत्तरीचे आजोबा सायकल हळू करून डचमध्ये काहीतरी बोलून गेले, सूर नम्र होता पण ते कौतुक नक्कीच नव्हतं. तो तांबडा रस्ता सायकलींचा असतो हे मला तेव्हा कळलं. तिथे कोणी जाणार असेल तर ही एक गोष्ट विमानातच पाठ करा.

नंतर मात्र हळूहळू जमायला लागलं. 25 नंबरची ट्राम आमच्या घराजवळून थेट झाउद स्टेशनला जायची, प्रॅमसाठी जागा राखलेली, चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आपलं बँकेचं कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. मी एकदा उतरताना विसरले कारण बाईसाहेबांनी मोजा फेकला होता आणि मी तो शोधत होते, पैसे जास्तीचे कटले, नवऱ्याने संध्याकाळी मेसेज बघून विचारलं कुठे गेली होतीस एवढी लांब :)

खरी मजा आली ती ॲमस्टरडॅमसे बॉसमध्ये. बॉस म्हणजे जंगल, पण ते जंगल आपोआप उगवलेलं नाही. 1934 पासून मंदीच्या काळात बेकार लोकांना काम म्हणून माणसांकडून हाताने खणून, झाडं लावून ते उभं केलंय, साधारण एक हजार हेक्टर, आणि बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली. हे मला तिथे फिरून आल्यावर समजलं, फिरताना मी फक्त बसायला बाक आणि वाऱ्याचा आडोसा एवढंच शोधत होते. आत शेळ्यांचं एक फार्म आहे, वसंतात गेलात तर लहान करडांना बाटलीने दूध पाजता येतं. मी हौसेने बाटली विकत घेतली, एक पांढरं करडू धावत आलं, चुपचुप प्यायला लागलं, आणि प्रॅममधून असा काही टाहो फुटला की आजूबाजूची डच पोरं थबकली. माझ्या लेकीला वाटलं तिची बाटली बकरी पितेय! शेवटी एका हाताने करडाला आणि दुसऱ्या हाताने तिला, एकाच वेळी दोन बाटल्या. तो फोटो काढायला कोणीच नव्हतं याचं मला आजपण वाईट वाटतं.

त्याच जंगलात चेरीच्या झाडांची एक बाग आहे, चारशे झाडं, जपानी बायकांच्या क्लबने 2000 साली दिलेली, प्रत्येक झाडाला एकेका बाईचं नाव. लेक एका झाडाखाली झोपली ती दीड तास, मी हलू शकत नव्हते, म्हणून त्या पाटीवरच्या अनोळखी बाईचं काय झालं असेल, ती कुठल्या गावची, तिला पोरं किती असा सगळा संसार मी बसल्या बसल्या रचला.

आणि दुसऱ्या आठवड्यात सुपरमार्केटच्या रांगेत मागून आवाज, "अगं टोपी घाल तिला, वारं बघ किती आहे." मराठीत! वळून बघते तर लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या एक काकू, सातारच्या. ॲमस्टेलव्हेनमध्ये आपले लोक बरेच आहेत हे मी ऐकून होते, पण टोपीवरून बोलणी खाल्ल्यावर खात्री पटली. त्यांनी जाताना मेतकुटाची पुडी दिली. उरलेले दहा दिवस लेक मऊ भात मेतकूट आणि मी पण तेच.

तर आता तुम्ही सांगा. देशातलं, परदेशातलं, जुनं, नवं, काहीही चालेल. बाबा लोकांनी पण लिहा, बायको टूरवर गेली की तुमचं काय होतं ते ऐकायचंय.

पाचचा_भोंगा:

मस्त लिहिलंय, बकरीचा किस्सा वाचून चहा सांडला.

माझं तोक्योचं. आम्ही निशी-कासाईला राहायला जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि नवऱ्याला दहा दिवस ओसाकाला जायला लागलं. बाळ सात महिन्यांचं, मला जपानी येतं म्हणजे आरिगातो आणि सुमिमासेन. निशी-कासाई तशी आपल्या लोकांची जागा, 2000 च्या सुमारास ते वायटूकेचं (कॉम्प्युटरमधल्या तारखा 2000 साली गडबडू नयेत म्हणून) काम निघालं तेव्हा आयटीवाले इथे येऊन राहिले, तोझाई लाइनने बँका-ऑफिसांच्या भागात सरळ जाता येतं म्हणून, आणि मग एकाचं बघून दुसरा. त्यामुळे पीठ, डाळी, कढीपत्ता सगळं मिळतं. पण मी नवीन, ओळख कोणाशी नाही, आणि मला फोन करून कोणाच्या दारात जायला जमत नाही, स्वभावच तसा.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता सगळ्या गल्लीत लाउडस्पीकरवर गाणं सुरू झालं. मंद, थोडं उदास, सगळीकडून घुमत येणारं. मला वाटलं भूकंपाची सूचना! बाळाला उचललं, पासपोर्टची पिशवी घेतली, चपला घालून खाली. खाली एक आजी शांतपणे कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी हातवारे केले, त्या हसल्या, घड्याळावर बोट ठेवलं, पाच. मग बाळाकडे बघून "कावाई, कावाई". नंतर कळलं की आपत्तीच्या वेळचे भोंगे नीट चालतायत ना हे बघायला रोज ते वाजवतात, आणि पोरांना घरी जायची वेळ झाली हेही त्यातच उरकतं. दहा दिवसांत माझ्या बाळाला त्या गाण्याची एवढी सवय झाली की पाच वाजले की ते दाराकडे बघायचं. आम्ही तेव्हा *बाहेर* पडायचो, जपानी पोरं घरी जायची तेव्हा.

दुसरा पराक्रम सोमवारचा. जवळच ग्योसेन पार्क आहे, त्यात तिथल्या पालिकेचं छोटं प्राणीसंग्रहालय, फुकट, रेड पांडा आहेत, पेंग्विन आहेत. मोठ्या तयारीने सोमवारी गेले तर बंद. म्हटलं ठीक, एक स्टेशन पुढे कासाईला भुयारी रेल्वेचं म्युझियम आहे, रुळांच्या खालीच, तिथे 1927 साली धावलेला पहिला पिवळा डबा ठेवलाय, बाळाला पिवळा रंग आवडतो. गेले. ते पण सोमवारी बंद. दोन्हीकडे लिफ्ट शोधत प्रॅम फिरवली ती फुकट, स्टेशनांना लिफ्ट असते पण ती एका टोकाला एकच, आणि तुम्ही नेहमी दुसऱ्या टोकाला उतरता.

पण एका गोष्टीला मानलं. मोठ्या दुकानांमध्ये बाळांची खोली असते, तिथे पडदा लावून दूध पाजायला जागा, बदलायला टेबलं, पावडरच्या दुधासाठी गरम पाण्याचा नळ, आणि चक्क वजनकाटा. मी दहा दिवसांत चार वेळा वजन केलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं असं नाही, पण त्या खोलीत तीन-चार आया असायच्या, कोणी कोणाशी बोलत नाही, तरी बरं वाटायचं. ते का ते मला अजून सांगता येत नाही.

वाशीची_आजी:

तुम्हा मुलींचं वाचून मजा वाटली म्हणून लिहिते आहे. टायपिंग नातवाने शिकवलं आहे, चुका पोटात घाला.

आमचं उपनगर म्हणजे वाशी, आणि साल 1984. गिरगावातल्या चाळीतून आम्ही सिडकोच्या घरात आलो. यांची औषध कंपनीत फिरतीची नोकरी, महिन्यातले वीस दिवस विदर्भात. टूर हा शब्द नव्हताच आमच्यात, "दौऱ्यावर गेलेत" म्हणायचो. मोठा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा. चाळीत कसं, पोर रडलं की तीन खोल्यांतून तीन बायका यायच्या. वाशीत रडलं की प्रतिध्वनी यायचा. निम्मे फ्लॅट रिकामेच होते. समोर मोकळे प्लॉट, पुढे खाडी, रात्री कोल्हेकुई ऐकू यायची, खरंच सांगते. आणि डास म्हणजे काय ते विचारू नका. रेल्वे यायला 1992 उजाडलं, तोवर सगळं बसने, खाडीपूल ओलांडून.

तुम्ही एक्सप्लोर म्हणता, मी आपली दूध, डॉक्टर आणि गिरणी शोधायला निघाले होते. अडचण अशी की सगळ्या इमारती एकसारख्या. रंग तोच, जिना तोच, गॅलरी तीच. दुसऱ्याच दिवशी मी भलत्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जाऊन कुलपात किल्ली फिरवत होते, आतून कडी उघडली, एक सरदारजी! त्यांनी पाणी दिलं बिचाऱ्यांनी. मग मी युक्ती काढली. निघताना गॅलरीच्या गजाला मुलाचं पिवळं दुपटं बांधून निघायचे, म्हणजे लांबून आपलं घर ओळखू येईल. पंधरा दिवस उत्तम चाललं. एक दिवस आभाळ भरून आलं, मी डॉक्टरकडून परत येते तर दुपटं नाही. चार इमारतींखालून फिरले, पोर भिजायला लागलं, रडू यायला लागलं. शेवटी वरून हाक आली, "अहो वहिनी, तुमचं दुपटं मी आत घेतलं, पाऊस येतोय ना!" शेजारीण आदल्या दिवशीच राहायला आली होती. तिच्या चांगुलपणाने मी हरवले होते. ती पुढे चाळीस वर्षं शेजारीणच राहिली.

जुहूगावातून एक कोळीण यायची टोपली घेऊन. मुलगा सारखा रडायचा तर ती म्हणाली, बाय, पोटावर पालथा टाक त्याला मांडीवर नि पाठ थोपट. आधी बोंबील विकायचे, मग सल्ला, पैसे फक्त बोंबलांचे. यांचं खुशालीचं आंतरदेशीय पत्र अकोल्याहून यायचं, बहुतेक वेळा ते स्वतः घरी पोचल्यावर दोन दिवसांनी. मग ते स्वतःच मला वाचून दाखवायचे.

डायपर वगैरे नव्हते. लंगोट आणि दुपटी, आणि पावसाळ्यात ती वाळवणं हे एक वेगळं लिखाण होईल.

झोपमोड:

आजी 🙏 दुपट्याचा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला. लंगोटांवर पण लिहाच.

बाबागाडी:

बाबा लोकांनी लिहा म्हटलंय तर हजर आहे.

बायको फार्मा कंपनीत क्वालिटीला आहे, तिला दोन आठवडे न्यू जर्सीला ऑडिटसाठी जायचं होतं, लेक अकरा महिन्यांची, अंगावर पिणारी, म्हणून ठरलं की मी सुट्टी टाकून सोबत जायचं आणि दिवसभर सांभाळायचं. माझ्या ऑफिसात सगळे म्हणाले, वा, अमेरिका फिरून ये. हॉटेल होतं एडिसनमध्ये, हायवेच्या कडेला.

एडिसनचं एक सांगतो, तिथे चालत जायची जागा नाही असं नाही, पण चालत जाणारा माणूस नाही. हॉटेलातून दुकान समोर दिसतंय, पाचशे मीटर, मध्ये सहा पदरी रस्ता आणि फुटपाथ अर्ध्यात संपलेला. पहिल्या दिवशी मी बाबागाडी ढकलत गवतातून निघालो तर पोलिसांची गाडी हळू झाली, काच खाली, "एव्हरीथिंग ओके, सर?" माणूस चांगला होता, रस्ता सांगितला, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हा इसम बाळ घेऊन गवतात काय करतोय. टॅक्सी करायची तर कार सीट लागते, ती आम्ही भाड्याने घेतली होती, साधारण एक मिक्सर, एक कुकर आणि एक पोतं तांदूळ एकत्र उचलल्यासारखं वजन.

शेवटी ओक ट्री रोड गाठला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एडिसन आणि शेजारच्या आयझलिनमधून जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना साड्या, सोनं, पाणीपुरी, किराणा. तिथे आपला माणूस कमी नाही, पण प्रत्येक दुकानात एकच प्रश्न. "मम्मी कहां है?" मिठाईवाल्याने विचारलं, साडीवालीने विचारलं, पार्किंगमध्ये एका गुजराती आजीने तर बाळाला माझ्याकडून काढूनच घेतलं आणि मग विचारलं. मी म्हटलं ऑफिसला गेली. आजी: "अने तमे?" या दोन शब्दांत काय काय होतं ते इथल्या बाबांना कळेल.

डायपर बदलायचं टेबल तर विचारू नका. एका खाण्याच्या ठिकाणी लेडीजमध्ये टेबल, जेन्ट्समध्ये नाही. मॅनेजर म्हणाला सॉरी. मी बाहेर येऊन बाकावर, नोव्हेंबरच्या वाऱ्यात, दात ओठ खात सव्वा मिनिटात बदललं, तो माझा रेकॉर्ड आहे.

पण दोन जागांनी वाचवलं. एक लायब्ररी. लहान मुलांना गोष्टी-गाणी म्हणून दाखवतात, फुकट, कोणी कार्ड विचारलं नाही, वीस आया-आज्या आणि मी. दुसरं मेनलो पार्क. थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती ती हीच जागा, गावाचं नाव पूर्वी रॅरिटन होतं, 1954 मध्ये बदलून एडिसन केलं. आता तिथे छोटंसं म्युझियम आणि 131 फुटी मनोरा, त्याच्या टोकावर भला मोठा काचेचा बल्ब. माझी लेक त्या दिवसांत कुठलाही दिवा दिसला की बोट वर करून "दी" म्हणायची. हॉटेलच्या लॉबीत दी, लिफ्टमध्ये दी, ऑडिटवरून आलेल्या आईच्या फोनच्या टॉर्चला पण दी. त्या मनोऱ्याखाली मी तिला गाडीतून काढून वर दाखवलं. म्हटलं बघ, जगातल्या सगळ्या दींचं माहेर. तिने एकदा वर बघितलं आणि पार्किंगमधल्या साध्या खांबावरच्या लाइटकडे बोट दाखवून म्हणाली, दी!

अजून एक गंमत तिथे कळली, 1877 मध्ये एडिसनने आवाज पकडायचं यंत्र केलं तेव्हा त्यात बोलून बघितलं ते एक बडबडगीतच. म्हणजे प्रयोगशाळेत रात्रभर जागून माणसाच्या तोंडून शेवटी बडबडगीतच येतं. माझीही त्या दोन आठवड्यांत तीच अवस्था होती, बायकोशी बोलतानासुद्धा मी यमक जुळवत होतो.

जोजो_मेट्रो:

बाबागाडी, "अने तमे?" 😂😂

माझं काही फॉरेन वगैरे नाही, खारघर. लग्नानंतर सांगलीलाच होते, 2024 च्या जूनमध्ये इकडे आलो आणि जुलैमध्ये नवरा गुजरातमधल्या दहेजला, प्लांटचं शटडाऊन, पंधरा दिवस म्हणून गेला तो बावीस दिवस. बाळ पाच महिन्यांचं. पाऊस असा की खिडकीतून समोरचा डोंगर दिसायचा बंद आणि जरा उघडीप झाली की त्याच डोंगरावर पांढऱ्या रेघा, सगळे धबधबे. बाळाला घेऊन तिकडे जायचा प्रश्नच नाही, पांडवकड्याला पावसाळ्यात बंदीच असते आणि ते बरोबरच आहे, पण खिडकीतून फुकट बघायला मिळतं ना.

खारघरचं मला आधी काही झेपेना. सेक्टर बाराच्या शेजारी तेरा असेल असं तुम्हाला वाटेल, पण तसं असतंच असं नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो म्हणायचा "मॅडम लँडमार्क बोला". सांगलीत मला पत्ता कधी सांगायला लागलाच नव्हता, "अमक्यांच्या सूनबाई" एवढं पुरायचं. इथे मी लँडमार्क नसलेली बाई.

मग मेट्रो सापडली. बेलापूर ते पेंधर, अकरा स्टेशनं, नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेली. दुपारी दोनला गर्दी म्हणून नाही. एसी, स्वच्छ, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट. पहिल्या दिवशी मी नुसतं बघायला म्हणून दहा रुपयांचं तिकीट काढून बसले आणि काय सांगू, जे पोर घरात पाळण्यात तास तास झुलवून झोपत नव्हतं ते दुसऱ्या स्टेशनच्या आत गाढ. मग ठरलंच. रोज दुपारी ओढणीची झोळी बांधायची, एक डबा पोळी-भाजी, आणि मेट्रो. तो झोपला की मी खिडकीतून खारघर शिकायचे. हे उत्सव चौक, इथे भाजी स्वस्त दिसतेय. हे सेंट्रल पार्क, इथे पाऊस थांबला की यायचं. हे पेठपाडा, इथे अजून शेतं आहेत बघ. शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, परत तिकीट, परत उलटं. बघणाऱ्याला वाटत असेल ही बाई रोज कुठे जाते.

चौथ्या-पाचव्या दिवशी स्टेशनवरच्या सिक्युरिटीच्या ताईने बॅग तपासताना विचारलं, "आज झोपला नाही का अजून?" ती जालन्याची निघाली. त्यानंतर बाळ रडत आलं की ती लांबूनच म्हणायची "जाऊद्या, जाऊद्या, ती जोजो मेट्रोवाली आहे". झाला माझा लँडमार्क.

नवरा परत आला तेव्हा स्टेशनवरून फोन, रिक्षावाला पत्ता विचारतोय काय सांगू. मी त्याला गल्ली सांगितली, शॉर्टकट सांगितला आणि कुठल्या खड्ड्यावरून रिक्षा डावीकडून काढायची तेही सांगितलं.

झोपमोड:

मला वेगळं लिहायचंय. सगळ्यांचं छान छान चाललंय त्यात मिठाचा खडा टाकायचा नाहीये, पण मी काही एक्सप्लोर केलं नाही. हिंजवडीला होतो आम्ही, मी मूळची नागपूरची, नवरा महिन्यातून दोनदा चेन्नई. तेराव्या मजल्यावरून ट्रॅफिक दिसायचा, लाल दिव्यांची रांग, संध्याकाळी सहा ते नऊ हललेली दिसायची नाही. लोक म्हणायचे खाली गार्डन आहे, जा की. मी बाळाला कपडे घालायचे, टोपी घालायचे, बॅग भरायचे आणि दाराशी येऊन परत फिरायचे. असं किती दिवस. एकदा लिफ्टपर्यंत गेले, लिफ्ट आली, आत चार माणसं होती, मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे.

नंतर डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्याला नाव आहे हे कळलं, औषध घेतलं, आता ठीक आहे, पोरगी शाळेत जाते. पण तेव्हा कोणी "बाळाला घेऊन फिरून ये ना जरा" म्हटलं की मला आत कुठेतरी चिमटा बसायचा. म्हणून लिहिलं. नाही जमलं तर नाही जमलं.

वाशीची_आजी:

झोपमोड, बाळा, बरं केलंस लिहिलंस. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं, पण ते होतं. माझी धाकटी जाऊ वर्षभर गॅलरीत आली नव्हती आणि आम्ही तिला आळशी म्हणायचो. आता आठवलं की लाज वाटते.

प्रदक्षिणा:

झोपमोड ❤️ माझेही पहिले दोन दिवस खिडकीतच गेले होते, डायपर संपले नसते तर किती गेले असते काय माहीत.

तिखट_मीठ:

छोटासाच आहे माझा. सिंगापूर, पुंगोल. नवरा तिथून पुढे जकार्ताला चार दिवस. पुंगोलमध्ये ती छोटी ड्रायव्हरशिवायची गाडी आहे ना, आमचा दहा महिन्यांचा मुलगा पुढच्या काचेला नाक लावून तासन् तास. उन्हाचं टेन्शन नाही कारण बिल्डिंग ते स्टेशन छप्पर असलेली वाट, आणि बिल्डिंगच्या खाली मोकळी जागा असते तिथे आजोबा लोक बुद्धिबळासारखं काहीतरी खेळत बसलेले, बाळ रांगत त्यांच्या पटापर्यंत गेलं तरी कोणी ओरडत नाही. बसमध्ये प्रॅम न मिटता चढवता येते हे तर वरदान. फक्त ट्रेनमध्ये खाणं-पिणं बंद, पाचशे डॉलर दंडाची पाटी बघून मी एवढी घाबरले की बाळ भुकेने कळवळतंय आणि मी बाटली पर्समध्ये धरून तीन स्टेशनं उभी. शेवटी शेजारची चिनी आजी माझ्या पर्सकडे, मग बाळाकडे बघून म्हणाली, "बेबी कॅन लाह." दिली बाटली. तरी उतरेपर्यंत कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होते.

बाबागाडी:

कॅमेऱ्याकडे पाठ 😄 गुन्हेगार सापडला.

वांगीभात:

सगळं एका दमात वाचून काढलं. माझी गोष्ट अजून घडायची आहे. नवऱ्याची दोन महिन्यांची असाइनमेंट आलीये, जागा ऐकून उडालच सगळ्या, निशी-कासाई! त्यातले मधले बारा दिवस तो नागोयाला. मुलगी आठ महिन्यांची. रविवारी रात्री निघतोय, सोमवारी पोचू. पाचचा_भोंगा ताई, काय काय नेऊ, काय नको, प्लीज सांगा ना. आणि तो वजनकाटा नक्की कुठल्या दुकानात?

पाचचा_भोंगा:

अगं सोमवारी पोचतेस? मग त्या दिवशी सरळ झोपा काढ, तसंही सगळं बंदच असणार आहे :D

हिंग, मेतकूट आणि बाळाच्या तापाचं औषध ने, डाळ-तांदूळ नको, तिथे मिळतात. प्रॅम हलकी, एका हाताने मिटणारी. वजनकाट्याचं दुकान तुला नकाशावर खूण करून पाठवते. आणि पाच वाजता पासपोर्ट घेऊन खाली पळू नकोस. पळालीसच तर कुंड्यांवाल्या आजी भेटतील, त्यांना माझा नमस्कार सांग. भाषा येत नसली तरी बाळाचा फोटो दाखव, मी पाठवते, ओळखतील त्या.